हिल्माच्या एकशे वीस पुंगळ्या

पुंगळ्या धुवायच्या, एवढंच आर्वो कांगासला करायचं होतं. त्यापायी शेजाऱ्याची बैठक भाजेल, दवाखान्यातला कॉम्प्युटर लाल होईल आणि रविवारी सकाळी शेरीफ ऑफिसची गाडी दारात उभी राहील, असं कोणी सांगितलं असतं, तर आर्वोनं त्याला कॉफी पाजून घरी पाठवलं असतं. रस्ते खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस तो. बर्फ काढणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक लावणं, यापलीकडे त्यानं कशात हात घातला नव्हता. आणि ते वेळापत्रकही बर्फानं कधी पाळलं नव्हतं.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार खुली होते. त्या दिवशी गावात शाळा बंद असते, दुकानदार दाराला पाटी लावून जंगलात गेलेला असतो, आणि त्या आठवड्यात कोणी मुलीचं लग्न काढलंच तर नवरदेवसुद्धा येईल की नाही याची खात्री नसते. आर्वोची रायफल भिंतीवर होती. काडतुसं मात्र नव्हती. म्हणजे पुंगळ्या होत्या. त्या भरणारी हिल्मा एप्रिलमध्ये गेली होती.

गोळी सुटते, दारू जळते, पण काडतुसाची पितळी पुंगळी मागे राहते. ती टाकायची नसते. नीट धुवून, मापात आणून ती पुन्हा भरता येते; एकदा नव्हे, आठ-आठ, दहा-दहा वेळा. गावातल्या निम्म्या तळघरांत हिवाळाभर हेच चालतं. त्यात कांगासांच्या घरच्या काडतुसांचं नाव होतं. शिकारीच्या कॅम्पमध्ये लोक ती हातात घेऊन उजेडात फिरवत आणि म्हणत, "आर्वो, लेका, तुझा हात सोन्याचा आहे." आर्वो मान किंचित झुकवत असे. तो खोटं कधीच बोलला नाही. फक्त चाळीस वर्षं त्यानं लोकांची चूक दुरुस्त केली नाही, एवढंच.

खरी गोष्ट अशी की लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात तो त्या टेबलाशी बसला होता आणि पाचवीच पुंगळी त्यानं चेपून ठेवली होती. हिल्मानं त्याच्याकडे पाहिलं, पुंगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ऊठ." तो उठला. पुन्हा बसला नाही. हिल्मा पोस्टात टपाल वेगळं करायची. सकाळभर पत्रं खणांत टाकायची आणि संध्याकाळी तळघरात पुंगळ्या. ती काय करते हे आर्वोनं कधी विचारलं नाही. त्याला वाटायचं, पितळ आहे, घासत असेल.

तर आता घासायची वेळ त्याच्यावर आली. टेबलावर कॉफीचे तीन डबे होते. तिन्हींत काळ्या पडलेल्या पुंगळ्या. फेब्रुवारीत हिल्मा शेवटची तळघरात उतरली, तेव्हा धुवायच्या राहिलेल्या. आर्वोनं तिन्ही डबे एकाच बादलीत पालथे केले. एकशे वीस भरल्या. मग रिकाम्या डब्यांना झाकणं लावायला गेला, तेव्हा झाकणांवरच्या चिठ्ठ्या त्याला दिसल्या. एकावर हिल्माच्या अक्षरात 'नव्या', दुसऱ्यावर 'मधल्या', तिसऱ्यावर 'म्हाताऱ्या'.

आर्वोनं बादलीत पाहिलं. बादलीत सगळ्या सारख्याच काळ्या होत्या.

'धुतल्यावर कळेल,' असं त्यानं स्वतःला सांगितलं. कारकुनाचा हा मोठा गुण असतो. चूक झाली की तो पुढच्या टेबलाकडे सरकवतो.

धुवायचं कसं, हे कोणाला तरी विचारणं भाग होतं. पण सोन्याचा हात असलेला माणूस विचारणार कोणाला? तो कुंपणापाशी गेला. पलीकडे ओन्नी सालमी लाकडं रचत होता. हा आर्वोचा तीस वर्षांचा शेजारी.

"ओन्नी, माझा एक चुलतभाऊ विचारत होता," आर्वो म्हणाला. "पुंगळ्या धुवायला काय वापरावं?"

"कुठला चुलतभाऊ?"

"तावी."

"तावीला आपण दोघांनी खांदा दिलाय की रे."

"दुसरा तावी," आर्वो म्हणाला.

ओन्नीनं हातातलं लाकूड रचलं आणि सांगितलं, "त्या दुसऱ्या तावीला म्हणावं, व्हिनेगर. पण दहा मिनिटांच्या वर नको. पितळ गुलाबी पडतं."

ओन्नीची बायको लेम्पी खिडकीतूनच ओरडली, "व्हिनेगर कशाला? टोमॅटोचं सॉस चोळ म्हणावं! माझा पितळी दिवा बघ कसा लखलखतो!" हार्डवेअरच्या दुकानदारानं अक्रोडाच्या टरफलांचा भुगा आणि तो हलवणारं यंत्र दाखवलं, आणि यंत्राची किंमत ऐकून आर्वोनं दुसऱ्या तावीला हे परवडणार नाही असं ठरवलं. चर्चच्या पायरीवर पाद्रीबुवांनी टूथपेस्टची शिफारस केली. पितळ ही अशी वस्तू आहे की तिच्याविषयी मत नसलेला माणूस या जिल्ह्यात जन्माला यायचा आहे.

सगळ्यांचा मान ठेवायचा तर सगळ्यांच्या सल्ल्यांत एकच गोष्ट समान होती: पाणी. शुक्रवारी सकाळी आर्वोनं पुंगळ्या उशीच्या अभ्र्यात भरल्या, तोंडाला गाठ मारली, लिंबू पिळलं, साबण टाकला आणि अभ्रा कपडे धुण्याच्या मशीनमध्ये सोडला.

पहिली पाच मिनिटं पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटलं. मग मशीनला वेग आला. तळघरातून असा आवाज निघू लागला की लेम्पीनं कपाटातल्या बशा धरल्या. मशीन जागेवरून हललं, एक पाऊल पुढे आलं, मग दुसरं आलं. आर्वो त्याच्यासमोर हात पसरून उभा राहिला, जणू ते बैल आहे. मशीननं त्याला बगल दिली, दारापर्यंत गेलं, दाराला टेकून थरथरलं आणि तिथेच थांबलं. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं. आर्वो पाऊण तास तळघरात कोंडला गेला. शेवटी तळघराच्या उंच खिडकीतून त्याचं डोकं बाहेर आलं, तेव्हा समोर ओन्नीचे बूट होते.

"दुसऱ्या तावीचं काय चाललंय?" बुटांनी विचारलं.

त्या खिडकीतूनच सगळं सांगावं लागलं. ओन्नीनं तिथूनच आत उतरून मशीन हलवलं आणि अभ्रा सोडला.

पुंगळ्या धुऊन निघाल्या होत्या. नुसत्या धुऊन नाही. तळघरातला एकुलता एक दिवा त्यांच्यात एकशे वीस ठिकाणी लागला होता. आर्वोनं एक उचलली. तिच्यात पाणी खळखळलं. आयुष्यभर त्यानं ही चीज जंगलात उचलून खिशात टाकली होती, पण पाहिली नव्हती. पातळ, नखाएवढी पातळ भिंत. आत दारू पेटते, ही भिंत फुगून रायफलीच्या पोलादाला जाऊन भिडते, स्फोट अंगावर घेते, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत आक्रसून पुन्हा आपल्या जागी येते. हिल्मा एकदा म्हणाली होती, "पितळ माफ करतं रे. ठरावीक वेळाच करतं. मग मानेशी तडकतं." तो तेव्हा पेपर वाचत होता.

"यातल्या जुन्या कुठल्या?" ओन्नीनं विचारलं.

"तेच तर." आर्वोनं झाकणं दाखवली.

ओन्नीनं डोक्याला हात लावला. "अरे गाढवा! नवी एक-दोनदा उडालेली, म्हातारी नऊ-दहादा. म्हातारी पुन्हा रायफलीत घातलीस आणि बुडाशी फाटली, तर गरम वाफ तुझ्या डोळ्यांत. आणि आता सगळ्या चकचकीत. कुणाचं वय काय, देवाला माहीत."

"मग?"

"मग काय. ओळखता येत नसतील तर एकही वापरायची नाही. भंगारात घाल."

आर्वोनं हातातली झाकणं एकावर एक रचली. घरात हिल्माचे कपडे होते, चष्मा होता, पोस्टानं दिलेली मानाची दोन घड्याळं होती. पण तिच्या हातचं काम म्हणावं असं एवढंच होतं, आणि ते त्यानं एका बादलीत ओतून संपवलं होतं.

"वाळवतो तरी," तो म्हणाला. "भंगारात द्यायच्या, तर ओल्या कशाला द्यायच्या?"

"ओव्हनमध्ये घालू नकोस. नरम पडतात."

ओव्हनचा विचार आर्वोच्या मनात नव्हता. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आणि शनिवारी साउना तापतो. परसातली वाफेच्या आंघोळीची लाकडी खोली, कोपऱ्यात भट्टीवर तापलेले दगड, तीन पायऱ्यांच्या फळ्या. वरच्या फळीवर ऐंशी अंशांची कोरडी ऊब. आर्वोला ही कल्पना इतकी आवडली की दहा मिनिटं तो स्वतःवरच खूष होता. बिस्किटं भाजायच्या ट्रेमध्ये त्यानं पुंगळ्या तोंड खाली, बूड वर अशा ओळीत उभ्या केल्या, ट्रे सर्वांत वरच्या फळीवर ठेवला आणि कॉफी ठेवायला घरात गेला.

इथे एक रिवाज सांगायला हवा. शनिवारी चार वाजता ओन्नी आर्वोच्या साउन्यात येतो. तीस वर्षं येतोय. विचारत नाही, हाक मारत नाही. कपडे बाहेरच्या खुंटीला अडकवतो, आत शिरतो, दगडांवर एक पळी पाणी मारतो आणि वाफेच्या ढगात, अंधारात, चष्म्याशिवाय, सरळ वरच्या फळीवर आपल्या जागी जाऊन बसतो. ती जागा इतकी त्याची आहे की फळीला तिथे खळगा पडलाय. आर्वोनं ट्रे नेमका त्या खळग्यात ठेवला होता, कारण तिथे तो डगमगत नव्हता.

त्या आरोळीनं चर्चमागच्या कावळ्यांनी झाड सोडलं, असं लेम्पी अजून सांगते. ती तेव्हा वेलदोड्याचा गोड पाव घेऊन अंगणातून येत होती. साउन्याचं दार धाडकन उघडलं, वाफ बाहेर आली आणि वाफेतून तिचा नवरा. पहिलं बर्फ भुरभुरलं होतं. ओन्नी त्यात जाऊन बसला आणि "आऽऽह" म्हणाला.

"लाज आहे का!" लेम्पी म्हणाली. "रस्त्यावरून गाड्या जातायत!"

"जाऊ देत!"

आर्वो कॉफीचा चमचा हातात घेऊन धावत आला. त्याचं पहिलं वाक्य ओन्नीनं त्याला अजून माफ केलेलं नाही. तो म्हणाला, "पुंगळ्या पडल्या का रे?"

लेम्पीनं तिथेच पाहणी केली. "सव्वीस," ती म्हणाली. "सव्वीस गोल. ओळीत."

दवाखान्यात ओन्नी गाडीच्या मागच्या सीटवर पालथा पडून गेला. खिडकीवरच्या मुलीनं नम्रपणे विचारलं, "इजा कशानं झाली?"

"काडतुसांनी," आर्वो म्हणाला. हाच तो शब्द. 'गरम भांड्यानं' म्हणाला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण कारकुनानं फॉर्मवर खोटं लिहायचं नसतं, ही त्याची श्रद्धा.

मुलीनं टाइप केलं. 'काडतूस' दिसताच कॉम्प्युटरचा पडदा लाल झाला. "आता मला पुढचे प्रश्न विचारावेच लागतील," ती म्हणाली. "नाहीतर हा पुढे जात नाही. गोळी कुठून शिरली?"

"शिरली नाही," ओन्नी स्ट्रेचरवरून म्हणाला. "मी बसलो."

"असा पर्याय नाही. अंतर किती होतं?"

"अंतरच राहिलं नव्हतं!"

"शून्य," मुलीनं लिहिलं. "हल्लेखोर ओळखीचा आहे?"

ओन्नीनं मान न वळवता आर्वोकडे बोट केलं. "तीस वर्षं."

"हेतू?"

"वाळवण," आर्वो म्हणाला.

मलम मिळालं. पण पडदा एकदा लाल झाला की तो शेरीफ ऑफिसात, म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसांकडे, जाऊनच शांत होतो. रविवारी सकाळी दारात गाडी उभी राहिली. उतरली ट्रिना पेनहेल. वय तीस, हातात फॉर्म.

"मिस्टर कांगास, मला लाज वाटतेय," ती म्हणाली, "पण 'घटनेत वापरलेला दारूगोळा प्रत्यक्ष पाहिला' यावर सही केल्याशिवाय हे बंद होत नाही. एकेक नग बघावा लागेल. भरलेला की रिकामा."

"एकशे वीस आहेत."

"कॉफी आहे?"

कॉफी होती. पुंगळ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडल्या. ओन्नीही आला होता. त्याला फिर्यादी म्हणून यायचा हक्क होता आणि घरी लेम्पी हसत होती. तो कपाटाला टेकून उभा राहिला. ट्रिना एकेक पुंगळी उचलून, टॉर्चच्या उजेडात आत बघून, "रिकामी" म्हणत बाजूला ठेवत होती. नवव्या पुंगळीला ती थांबली. बूड फिरवून पाहिलं. मग मागच्या आठ पुन्हा उचलल्या.

"तुम्ही खुणा करता होय? माझे बाबा मार्करनं करायचे. हे फारच सुबक आहे."

"कसल्या खुणा?" आर्वोनं विचारलं.

"या काय." तिनं टॉर्च तिरका धरला.

बुडाच्या कडेवर केसाएवढ्या बारीक खाचा होत्या. कानशीनं मारलेल्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. इतके दिवस त्यांत काजळी बसली होती. साबणानं, लिंबानं आणि चालत्या मशीननं ती निघाली होती. एका पुंगळीवर दोन खाचा. एकीवर पाच. एकीवर नऊ.

"जितक्या वेळा उडाली, तितक्या," ओन्नी हळूच म्हणाला. "आर्वो, अरे, हिच्यावर वय लिहिलंय! प्रत्येकीवर!"

आर्वोनं चष्मा लावला. कोपर टेबलावर टेकून एकेक बूड पाहिलं. एकशे वीस पुंगळ्या, सहाशेच्या वर खाचा, आणि एकही खोल नाही, एकही उथळ नाही. चाळीस हिवाळे तो वरच्या मजल्यावर पेपर वाचत असताना खाली हे चाललं होतं. या पुंगळ्यांच्या आधीच्या, तडकून भंगारात गेलेल्या, त्यांच्यावरही असणार. त्याला चर्चमध्ये जे व्हायला हवं आणि कधी होत नाही, ते झालं. त्यानं टोपी काढली.

"पण काही तिरक्या का आहेत?" ट्रिनानं विचारलं.

खरंच, बऱ्याच खाचा सरळ होत्या, काही तिरक्या. ओन्नीला बसता येत नसल्यामुळे तोच तळघरात जाऊन डबे घेऊन आला. 'नव्या'चं झाकण त्यानं उलटं केलं. आतल्या बाजूला हिल्माचं पोस्टातलं अक्षर होतं. ओन्नीनं मोठ्यानं वाचलं: "सरळ: लागली. तिरकी: चुकली."

सरळ खाचांतल्या बहुतेक उन्हाळ्यातल्या सरावाच्या, फळीवर मारलेल्या; तिरक्या मात्र शिकारीच्या. आर्वोच्या म्हणण्याप्रमाणे आयुष्यात त्याचे दोन नेम चुकले होते. एक वाऱ्यामुळे, एक ओन्नी शिंकल्यामुळे. दर नोव्हेंबरला तो हरीण घेऊन यायचा आणि दारातच म्हणायचा, "एकच गोळी!" आणि हिल्मा म्हणायची, "अस्सं." चुकलेल्यांच्या पुंगळ्या तो बुटात लपवायचा, कोटाच्या अस्तरात सरकवायचा, गाडीच्या सीटखाली ढकलायचा. कपडे कोण धुतं, गाडी कोण झाडतं, याचा विचार त्यानं केला नव्हता.

"एक, दोन, तीन…" ओन्नीनं मोजायला सुरुवात केली. त्याच्या भाजलेल्या जागेला या मोजणीनं मलमापेक्षा जास्त आराम पडत होता. "एक्केचाळीस! आर्वो, एक्केचाळीस! मी किती वेळा शिंकलो रे?"

"ती कधी काही बोलली नाही," आर्वो म्हणाला.

"कशाला बोलेल? काडतुसंही तीच भरायची आणि कॅम्पमध्ये शाबासकी तू घ्यायचास, तेव्हा बोलली का?"

आर्वोनं वर पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"अरे, कॅम्पातल्या कुत्र्याला ठाऊक होतं. तू एकदा पाणी उकळायला ठेवलंस तर किटली जळाली. तू काडतुसं भरणार? हिल्मानंच सांगितलं होतं, 'त्याला म्हणू द्या, ऐटीत दिसतो.'"

अपमानाचेही प्रकार असतात. चारचौघांत पडणं वेगळं. आणि चाळीस वर्षं आपल्याला अलगद धरून ठेवलं होतं हे कळणं वेगळं. आर्वोला राग आणायचा होता. तो आला नाही. त्यानं तिरकी खाच असलेली एक पुंगळी अंगठ्यानं चाचपली. तिरकी होती, पण तीही सरळ खाचेइतक्याच हलक्या हातानं मारलेली.

ट्रिनानं फॉर्मवर 'कारण' या रकान्यात लिहिलं, "बसण्याची जागा चुकली," सही केली आणि टोपी घालताना म्हणाली, "माझं कॉलेजचं पत्र मिसेस कांगासनी पोस्ट बंद झाल्यावर घरी आणून दिलं होतं. बर्फात. म्हणाल्या, 'हे उद्यापर्यंत खणात राहायला नको.'"

दुपारभर दोघांनी पुंगळ्या वेगळ्या केल्या. नव्या, मधल्या, म्हाताऱ्या. नऊ खाचांच्या एकवीस निघाल्या. त्या आर्वोनं भंगारात दिल्या नाहीत, नुसत्या बाजूला ठेवल्या. भरायचं काम ओन्नीनं केलं, उभ्यानं. आर्वोनं शेजारी बसून पाहिलं आणि एकदाही पेपर उघडला नाही.

पंधरा नोव्हेंबरला पहाटे तो झाडाला टेकून बसला होता. बर्फ शांत होतं. हरीण आलं, आर्वोनं नेम धरला, बार केला आणि फांदीवरचं बर्फ खाली आलं. हरणानं मान वर केली. दुसऱ्या गोळीला ते पडलं. दोन पुंगळ्या बर्फात वाफ सोडत पडल्या होत्या. त्यानं दोन्ही उचलल्या आणि शर्टाच्या वरच्या, उघड्या खिशात टाकल्या.

कॅम्पमध्ये पत्ते चालले होते. "किती लागल्या रे?" ओन्नीनं पत्त्यांवरून नजर न काढता विचारलं. बाकीच्यांनी उत्तर आधीच तोंडात धरलं होतं.

"दोन," आर्वो म्हणाला. "पहिली चुकली. शिंकलं कोणी नव्हतं."

पत्ते खाली ठेवले गेले. कोणीतरी त्याच्यासाठी कॉफी ओतली.

घरी येऊन तो तळघरात उतरला आणि हिल्माच्या खुर्चीत बसला. टेबलाच्या खणात बारीक कानस होती, मूठ तिच्या बोटांनी गुळगुळीत झालेली. पहिल्या पुंगळीवर त्यानं सरळ खाच मारली. दुसरीवर हिल्माची शेवटची खूण कुठे संपते हे शोधायला त्याला बराच वेळ लागला. मग श्वास रोखून, तिच्या शेजारी, एक तिरकी.

जरा खोल गेली. तिची एकही गेली नव्हती.